आधी जोडणी बघ, मग वाटणी

अगं, आठ कोअर आहेत म्हणून क्लोजर भाषेत दिसेल त्या मॅपच्या जागी पीमॅप, म्हणजे समांतर मॅप, लिहायचा असतो, हे तुला कुणी सांगितलं? प्रोग्रॅम संथ होणारच! आकड्यात एक मिळवण्याएवढ्या कामासाठी दुसऱ्या थ्रेडला बोलवायचं, म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

खरी मेख वाटणीत नाही, जोडणीत आहे. क्लोजरमध्ये तिचा कर्ता रिच हिकी यानं 2012 साली रिड्यूसर्स आणले. त्यातला फोल्ड व्हेक्टरचे साधारण 512 घटकांचे गट पाडतो, ते समांतर चालवतो आणि निकाल एकमेकांत मिसळत नेतो. गट कुठे तुटेल ते तुझ्या हातात नसतं. त्यामुळे कंस कुठेही पडला तरी उत्तर तेच यायला हवं. शाळेतला साहचर्याचा नियम तो हाच. बेरीज त्यात बसते, वजाबाकी नाही.

सरासरी तर हमखास फसवते. 10, 20 आणि 60 ची सरासरी 30. पण पहिल्या दोघांची 15 काढून तिची 60 शी सरासरी घेतलीस, तर 37.5! म्हणून गटागटातून सरासरी आणायचीच नाही. बेरीज आणि संख्या अशी जोडी आणायची, जोड्या मिळवायच्या, भागाकार अगदी शेवटी. रिकाम्या गटासाठी (0, 0) हा अविकारक, म्हणजे मिळवला तरी काही न बदलणारा, हवाच. संगणकशास्त्रज्ञ गाय स्टील 2009 च्या भाषणात हेच सांगत होते: यादी एका टोकापासून एकेक करत खाण्याची सवय सोडा, तुकडे करून जोडायला शिका.

फिल्टर, मॅप, पुन्हा मॅप अशा पायऱ्यांचं म्हणशील, तर क्लोजरच्या 2015 च्या 1.7 आवृत्तीपासून ट्रान्सड्यूसर्स आहेत. फंक्शन्स जोडणाऱ्या कॉम्पनं त्या पायऱ्या गुंफल्यास की प्रत्येक घटक सगळ्या पायऱ्या एका दमात पार करतो, मधल्या याद्या बनतच नाहीत. गंमत म्हणजे नेहमीचा कॉम्प उजवीकडून चालतो, पण इथे घटक डावीकडून उजवीकडे जातो. पहिल्यांदा सगळेच गोंधळतात. फक्त पहिले काही घटक घेणाऱ्या टेकसारख्या, आत मोजदाद ठेवणाऱ्या पायऱ्या फोल्डमध्ये घालू नकोस. गट समांतर चालताना किती घेतले याचा हिशेब भरवशाचा राहत नाही.

आणि हो, तुझ्या दोन हजार ओळींच्या फायलीला साधा रिड्यूस पुरतो. वेळ मोजल्याशिवाय पीमॅपला हात लावू नकोस, बाई.