गगनचुंबी इमारत आणि शहराचे अर्थकारण

इमारत किती उंच बांधता येईल, हे स्थापत्यशास्त्र सांगते. किती उंच बांधणे परवडेल, हे मात्र शहराचे अर्थकारण ठरवते. न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट बिल्डिंग हे याचे बोलके उदाहरण होय.

१९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कचा व्यापार आणि शेअरबाजार तेजीत होता. कचेऱ्यांसाठी जागेची मागणी वाढत होती. मॅनहॅटन बेटावरील जमीन मात्र मर्यादित होती. जमीन महाग झाली, की एकाच भूखंडावर मजले चढवणे फायद्याचे ठरते. अर्थात, उंचीबरोबर खर्चही वाढतो आणि लिफ्टसाठी अधिक जागा खर्ची पडते. म्हणून भाडे भरपूर मिळेल, या भरवशावरच अशी इमारत योजली जाते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला. तरीही १९३० मध्ये बांधकाम सुरू झाले आणि मंदीच्या काळात हजारो कामगारांना रोजगार मिळाला. १०२ मजल्यांच्या, ३८१ मीटर उंच इमारतीचे उद्घाटन १ मे १९३१ रोजी झाले. पण भाडेकरू मिळेनात. लोक थट्टेने तिला ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामी इमारत, म्हणू लागले. पहिल्या वर्षी वरून शहर पाहणाऱ्या पर्यटकांच्या तिकिटांचे उत्पन्न भाड्याच्या तोडीचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योगधंदे सावरले आणि १९५० च्या सुमारास ही इमारत नफ्यात आली.

ती उभारण्यास सव्वा वर्षही लागले नाही. नफ्यात येण्यास मात्र सुमारे वीस वर्षे लागली.