मुंगी न लागणारी साखर

मागील अंकात मधुमेहाविषयी लिहिल्यानंतर बऱ्याच वाचक बंधुभगिनींची पत्रे आली. त्यांतल्या निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता : साखरेऐवजी मिळणाऱ्या गोड गोळ्या चालतात का? एका भगिनीने विचारले होते की, त्यांच्या महिला मंडळाने पुढच्या खेपेस दवाखान्यासाठी अशा गोळ्यांच्या डब्या पाठवल्या तर उपयोग होईल का. प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे, तेव्हा उत्तरही मोकळेपणाने देते. अशा डब्या आमच्याकडे पूर्वी एकदा आल्या होत्या आणि त्या वाटताना माझ्या हातून एक चूक झाली. आधी ती सांगते. पुढचा सगळा अभ्यास मी त्या चुकीमुळेच केला.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास स्वेटर आणि चादरींच्या गाठोड्यांबरोबर एका मंडळीकडून गोड गोळ्यांच्या वीस-बावीस डब्या आल्या. आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर मधुमेह नसतो अशी पुष्कळांची समजूत आहे. पण दवाखान्याच्या वहीत आज तिशीहून अधिक नावे आहेत. या लोकांना काळा, भरपूर गोड चहा लागतो, आणि साखर बंद करा म्हटले की चेहरे उतरतात. मला वाटले, बरे झाले. प्रत्येकाला एकेक डबी दिली आणि सांगितले, "चहात साखर नाही टाकायची, ह्यातली एक गोळी टाकायची." एवढेच सांगितले.

तीन आठवड्यांनी भर दुपारी एका आजीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणले. अंग घामाने थबथबलेले, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध. रक्तातली साखर तपासली तर ४१. सकाळी तिने मधुमेहाची गोळी घेतली होती आणि भाकर न खाताच शेतात गेली होती. तिची सून हुशार. असे झाले की गोड द्यायचे, हे मीच तिला शिकवले होते. तिने लगेच गोड चहा करून पाजला, मग आणखी एक कप पाजला. पण घरातली साखर "सिस्टरने बंद केली" म्हणून दोन्ही कपांत त्या डबीतल्या गोळ्याच टाकल्या. अर्धा तास वाया गेला. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आजी शुद्धीवर आली. तिच्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, म्हणून रात्रभर तिला ठेवून घेऊन दर दोन तासांनी तपासत राहिलो. सून कोपऱ्यात बसून होती. मध्यरात्री ती म्हणाली, "ताई, मला वाटलंच होतं. डबी उघडी राहिली तरी तिला मुंगी लागत नाही."

जे मी समजावून सांगायला हवे होते, ते तिने मुंगीवरून ताडले होते.

त्या गोळ्यांत सुक्रालोज नावाचा पदार्थ होता. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या पुष्कळ गोड गोळ्यांत आणि पुड्यांत हाच असतो. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस नावाचे एक तरुण संशोधक साखरेवर क्लोरीनचे प्रयोग करत होते. तयार झालेली भुकटी तपासून पाहा, म्हणजे 'टेस्ट' कर, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले ते चव घे, म्हणजे तेही 'टेस्ट'च. (आपल्या लिपीत तर दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, त्यामुळे मला त्यांची चूक फारशी वाटत नाही.) त्यांनी भुकटी जिभेला लावली, तर ती भलतीच गोड निघाली. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. म्हणून एका कपाला काही मिलिग्रॅम पुरतात आणि गोळी एवढीशी असते.

सुक्रालोज बनते साखरेपासूनच. साखरेच्या कणातले तीन ठिकाणचे हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीन बसवलेले असते. जिभेला तो कण साखरेसारखाच वाटतो, पण आतड्यातल्या ज्या पाचकरसाने साखर फुटते त्याला हा कण फोडता येत नाही. न फुटल्यामुळे त्यातून ग्लुकोज निघत नाही, आणि म्हणून रक्तातली साखर वाढत नाही. एक लहान चमचा साखर म्हणजे सुमारे २० कॅलरी. या गोळीतून जवळजवळ काहीच मिळत नाही. मधुमेह्याच्या रोजच्या चहात हा गुण उपयोगाचा आहे. साखर उतरून माणूस गळून पडतो तेव्हा मात्र हीच गोळी कुचकामी ठरते. तोंड गोड होते, रक्तात काहीच पोहोचत नाही, आणि घरच्यांना वाटते की आपण उपाय केला.

म्हणून ज्यांच्या घरी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि साखरेऐवजी गोड गोळीही आहे, त्यांनी खरी साखर वेगळ्या डब्यात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवावी. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे दिसली किंवा तपासणीत साखर ७० च्या खाली आली, तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि नंतर भाकर किंवा भात द्यावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे चालू आहेत, त्यांच्या आतड्यात साधी साखर लवकर फुटत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोज पावडरच हवी.

आता पोटातल्या जिवाणूंकडे वळते, कारण दोन-तीन पत्रांत ती शंकाही होती. "गोड गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू मरतात" असा निरोप मोबाइलवर सगळीकडे फिरतो आहे.

आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. घरात विरजण असते तसे हे आतले विरजण समजा. जसे विरजण, तसे दही. ज्वारी, नागली, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात, आणि रक्तातली साखर काबूत ठेवण्यातही त्यांचा हातभार असतो. सुक्रालोजचा बराचसा भाग रक्तात न शिरता पुढे सरकत सरकत याच वस्तीत जाऊन पोहोचतो. शरीराने हात लावला नाही म्हणजे कोणीच लावला नाही असे म्हणता येत नाही.

हा प्रश्न ऐरणीवर आला २०१४ मध्ये. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटाने उंदरांना सॅकरिन दिले. हा सगळ्यांत जुना गोड पदार्थ, १८७९ मध्ये सापडलेला. त्या उंदरांची साखर पचवण्याची ताकद घटली. प्रतिजैविके देऊन आतड्यातले जिवाणू मारले, तर तो परिणाम नाहीसा झाला. म्हणजे दोष जिवाणूंच्या वाटेने येत होता. मग सात माणसांना आठवडाभर सॅकरिन दिले, तेव्हा चौघांची साखर बिघडली आणि तिघांची नाही. सात ही संख्या फारच लहान.

त्याच गटाने २०२२ मध्ये मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. असल्या गोड पदार्थांना कधीच न शिवलेली निरोगी माणसे त्यांना हवी होती. तेराशेहून अधिक लोक चाचपले तेव्हा कुठे १२० मिळाले. मला या आकड्याचेच जास्त नवल वाटले. आपण घेत नाही असे समजणाऱ्यांच्याही पोटात हे पदार्थ सरबते, बिस्किटे, टूथपेस्ट यांतून जातच असतात. या १२० जणांचे सहा गट करून कोणाला सॅकरिन, कोणाला सुक्रालोज, कोणाला अ‍ॅस्पार्टेम, कोणाला स्टीव्हिया असे दोन आठवडे दिले. प्रमाण परवानगी असलेल्या मर्यादेच्या आतलेच होते. एका गटाला नुसते ग्लुकोज दिले आणि एकाला काहीच नाही. चारही पदार्थांनी आतड्यातल्या जिवाणूंत किंवा त्यांच्या कामात फरक पडला. रक्तातल्या साखरेवर मात्र सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्याच गटांत वाईट परिणाम दिसला, आणि तोही सर्वांवर सारखा नव्हता. ज्यांच्यावर जास्त परिणाम झाला त्यांचे जिवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले, तर त्या उंदरांतही तसाच बिघाड दिसला.

पण हे वाचून लगेच डबी फेकू नका. २०२१ मध्ये अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे भरपूर सॅकरिन देऊनही ना जिवाणू बदलले, ना साखर बिघडली. आमच्या रुग्णांसाठी मला सर्वांत जवळचा वाटला तो चेन्नईचा अभ्यास. डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली १७९ माणसे आपल्यासारखी, मधुमेही आणि रोज चहा-कॉफी पिणारी होती. काहींनी कपातल्या साखरेऐवजी सुक्रालोज घातले, काहींनी नेहमीची साखर चालू ठेवली. बारा आठवड्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सी तपासणीत, दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सुक्रालोज घेणाऱ्यांचे वजन आणि पोटाचा घेर किंचित कमी झाला.

माझे मत असे झाले आहे : जो मधुमेही चहातली साखर सोडूच शकत नाही, त्याने दिवसाला दोन-तीन कपांत ही गोळी घातली तर घाबरण्यासारखे काही नाही. पण तिला औषध समजू नये. चेन्नईच्या लोकांचीही सरासरी साखर तिने खाली आणलेली नाही. निरोगी माणसाने बारीक होण्यासाठी तिच्या मागे लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये, वजन ताब्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नका, असा सल्ला दिला. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हे मात्र निरोप पुढे ढकलताना सगळे वगळतात. लहान मुलांना ही गोळी देऊ नये. आमच्याकडे आलेल्या डब्यांवरही तसे छापलेले होते, फक्त इतक्या बारीक अक्षरांत की मला चष्मा लावून वाचावे लागले.

पुडीतल्या भुकटीबद्दल थोडे सांगते. चिमूटभर गोड पदार्थाने पुडी भरत नाही, म्हणून तिच्यात ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेले असते. एका पुडीने काही बिघडत नाही, पण दिवसाला दहा पुड्या होऊ लागल्या तर हिशेब धरावा. 'शुगर-फ्री' बिस्किटे आणि मिठाई यांत मैदा असतोच, आणि मैद्याचे पोटात ग्लुकोजच होते. आणि "गूळ नैसर्गिक आहे, मध जंगलातला आहे, मोहाची फुले तर आमचीच आहेत, मग ती चालतील ना?" हा प्रश्न मला आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास ऐकायला मिळतो. गुळात बहुतेक साखरच असते. मधातही साखरच. वाळलेल्या मोहाच्या फुलांतही ती भरपूर असते. मुंगी या तिन्हींना लागते.

आजीची डबी मी परत घेतली नाही. सुनेला घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर दोन पेले मांडले, एकात साखरेचे पाणी, दुसऱ्यात गोळीचे, आणि दोन्ही तिला चाखायला दिले. मग सांगितले, हे रोजचे आणि ते संकटाचे. आता तीच पाड्यावरच्या इतर बायकांना दोन पेले मांडून दाखवते. माझ्यापेक्षा चांगले समजावते, कारण ती पावरीत बोलते. आजीने दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे गोड कमी करत आणले, आणि आता एका कपाला ती अर्धी गोळी घालते. भाकर खाल्ल्याशिवाय मधुमेहाची गोळी घ्यायची नाही, हे मात्र तिला अजूनही दर वेळी सांगावे लागते.

तेव्हा महिला मंडळाच्या भगिनींना माझे उत्तर असे : गोड गोळ्या पाठवू नका. आहेत तेवढ्या पुरे आहेत. पाठवायचेच असेल तर ग्लुकोज पावडरचे लहान डबे आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या पाठवा. प्रत्येक यंत्राच्या पट्ट्या वेगळ्या असतात, म्हणून घेण्याआधी आम्हाला यंत्राचे नाव विचारा, आणि पट्ट्यांच्या डबीवरची मुदत पाहून घ्या. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पाड्यांची वाट दोन-तीन दिवस बंद असते. हे सामान मेअखेर पोहोचले तर प्रत्येक पाड्यावर एकेक डबा आधीच ठेवता येईल.