लोहस्तंभाची अक्षरे आणि कॅमेऱ्याचे चित्रकण

दिल्लीत मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारात एक प्राचीन लोहस्तंभ उभा आहे. त्यावर 'चंद्र' नावाच्या राजाची संस्कृत प्रशस्ती ब्राह्मी लिपीच्या सहा ओळींत कोरलेली आहे. अक्षरे लहानच, सुमारे 8 ते 13 मिलिमीटर उंचीची. भोवती कठडा असल्यामुळे ती दुरूनच पाहावी लागतात व अभ्यासकाला छायाचित्राचा आधार घ्यावा लागतो. परंतु कॅमेऱ्यावर '24 मेगापिक्सेल' असा आकडा छापलेला आहे, एवढ्यावरून अक्षर वाचता येईलच काय?

प्रथम साधा हिशेब करू. अशा कॅमेऱ्याच्या संवेदकावर 6000 × 4000 सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर चित्राचा एक कण, म्हणजेच पिक्सेल, देते. स्तंभाचा जमिनीवरील भाग सुमारे 6 मीटर उंच आहे. कॅमेरा उभा धरून तो सगळा चित्रात घेतला, तर एका चित्रकणाच्या वाट्याला 1 मिलिमीटर लोखंड येते. मग 8 मिलिमीटरचे अक्षर अवघ्या आठ कणांत बसवावयाचे! शिवाय दोन रेघा वेगळ्या दिसण्यास रेघ आणि मधली जागा यांस निदान एकेक कण हवा. व्यवहारात त्याहून अधिकच लागतात.

संवेदकांचे प्रकार अनेक आहेत. 1969 साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉईल व जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडी संवेदकात प्रत्येक घरातील विद्युद्भार, माणसांच्या रांगेतून घागरी हातोहात पुढे जाव्यात तसा, कडेपर्यंत नेऊन मोजतात. आज सर्वत्र रूढ असलेल्या सीमॉस संवेदकात प्रत्येक घरापाशी स्वतंत्र वर्धक असतो. वेग व वीजखर्च यांत त्यामुळे मोठा फरक पडतो; बारकावा मात्र केवळ त्यावरून ठरत नाही.

त्याला अधिक कारण होतात ती रंगांची गाळणी. सिलिकॉनला प्रकाश कळतो, रंग कळत नाही. म्हणून कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी योजिलेल्या, 1976 साली पेटंट मिळालेल्या रचनेत घरांवर रंगीत गाळण्या बसवितात. 24 दशलक्ष घरांपैकी 12 हिरवी, 6 तांबडी व 6 निळी. प्रत्येक घर एकच रंग मोजते. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरले जातात. म्हणजे चित्रातील दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसून काढलेले असतात. काळपट लोखंडावर हे अनुमान बहुधा बरोबर येते. बारीक चौकड्यांच्या लुगड्यावर मात्र नसलेले रंग उमटतात.

फोव्हिऑन संवेदकात निळा प्रकाश वरच्या थरात आणि तांबडा खोलवर शोषला जातो, त्यामुळे एकाच जागी तिन्ही रंग मोजता येतात. 2002 च्या सिग्मा एसडी9 कॅमेऱ्यात अशा 34 लाख जागा होत्या. जाहिरातीत मात्र तीन थर मिळून 1 कोटीहून अधिक मोजले गेले. हा आकडा खोटा नव्हे, पण अक्षराच्या रेघा वेगळ्या करण्याचे काम 34 लाख जागांनाच करावयाचे होते.

भिंगाचीही मर्यादा आहे. छिद्र एफ/16 इतके लहान केले की विवर्तनामुळे प्रकाशबिंदूचा सुमारे 21 मायक्रोमीटर व्यासाचा ठिपका होतो. घर 6 मायक्रोमीटरचे असेल, तर तो ओळीने साडेतीन घरे व्यापतो.

तेव्हा मेहरौलीस दूरदर्शी भिंग न्यावे, छिद्र मध्यम ठेवावे आणि स्तंभाचा अर्धा मीटरच आडव्या चित्रात घ्यावा. एका मिलिमीटरास 12 कण मिळतात व लहानातले लहान अक्षरही 96 कणांचे होते. स्तंभ गोल असल्यामुळे कडांची अक्षरे तिरपी दिसतात. त्यांच्यासाठी बाजूंनी आणखी दोन चित्रे घ्यावी लागतील.