कंट्रोलर घडवू पाहणाऱ्या भाच्यास

मल्लेश्वरम, बेंगळूरु



तुझे पत्र व सोबतचा आराखडा पोहोचला. पडद्याच्या तळाशी डावीउजवीकडे सरकणारी टोपली, वरून पडणारे आंबे, आणि ते झेलण्यासाठी कीबोर्डाला रजा देऊन चन्नपट्टणच्या लाकडी बाहुलीच्या पोटात बसवलेली दोन बटणे, हा तुझा बेत ऐकावयास रम्य आहे खरा. परंतु बाहुली काढून घेऊन तीच बटणे उघडी मेजावर ठेवली, तरी खेळात तसूभरही फरक पडत नाही, आणि ज्या साधनाच्या अभावाने खेळाचे काहीच बिघडत नाही त्याला पर्यायी कंट्रोलर म्हणण्यास मी तयार नाही. तू बदललेस ते वेष्टन. हाताची क्रिया जशीच्या तशी राहिली.

1958 साली विल्यम हिगिनबॉथम यांनी अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, भेटीस येणाऱ्या लोकांच्या मनोरंजनार्थ, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस रचले, तेव्हा खेळाडूच्या हाती दिलेल्या पेटीवर फटक्याचा कोन ठरविण्यास एक नॉब व फटक्याचा क्षण साधण्यास एक बटण, एवढाच सरंजाम होता. 1972 च्या ‘पाँग’मध्ये तर बटणही गेले, नॉब फिरेल तशी फळी सरके. अलीकडे रॉबिन बाउमगार्टन या रचनाकाराने ‘लाइन वॉबलर’ नावाचा खेळ केला, त्यात दारामागे ठोकतात तशी स्प्रिंग हीच कळ आहे आणि प्रकाशाच्या दिव्यांची एक पट्टी हाच पडदा. ती स्प्रिंग वाकवणे व झटकन सोडून थरथरविणे यातच त्या खेळाचे सर्वस्व सामावलेले आहे. या तिन्ही ठिकाणी खेळ एकीकडे आणि साधन दुसरीकडे असा द्वैतभाव नाही.

आता चन्नपट्टणचाच विचार कर. येथून म्हैसूरच्या वाटेवर सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या त्या गावी कारागीर हलके, पांढुरके लाकूड लेथवर फिरवतो, फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग बसतो आणि मग केवड्याच्या पानाने झिलई येते. आपल्या सावंतवाडीचे लाखकाम पाहिलेल्या तुला हे अपरिचित वाटू नये. जी वस्तू फिरण्यातून जन्मास आली तिचा स्वाभाविक धर्म फिरणे हाच आहे, म्हणून ती दाबावयास लावू नकोस, फिरवावयास लाव. लाकडी भोवऱ्याखाली फिरणे मोजणारा पोटेन्शिओमीटर बसवलास तर तो साधारण 270 अंशांवर अडतो, आणि हे अडणे तुझ्या टोपलीस उपकारकच आहे, कारण पडद्याची कड आली हे डोळ्यांआधी बोटांना कळेल. तोच भोवरा अखंड फिरावा अशी इच्छा असेल तर रोटरी एन्कोडर घे, पण मग टोपली एका कडेने जाऊन दुसऱ्या कडेने यावी, असा खेळाचा नियमच बदल. आर्डुइनो बोर्ड पोटेन्शिओमीटरचे वाचन 0 ते 1023 या अंकांत देतो व हात स्थिर असतानाही ते अंक किंचित डळमळतात, सबब काही वाचनांची सरासरी घेण्याची तजवीज ठेव. मात्र सरासरी फार लांबवलीस तर टोपली हातामागून रेंगाळेल, आणि ती रेंगाळणूक खेळाडू क्षमा करीत नाही. आर्डुइनो बोर्ड घ्यावयाचा तर लिओनार्डो घे. तो संगणकास थेट कीबोर्ड किंवा माउस म्हणून ओळख देतो, हे काम जुन्या उनोकडून सहजासहजी होत नाही.

मे महिन्यात तू इकडे आलास की आपण एस. पी. रोडवर जाऊ. बेंगळूरुच्या जुन्या पेठेतील त्या अरुंद दुकानांत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची वाण नाही. तथापि खरेदीचा मोह आवरून प्रथम पुठ्ठा व दोरा यांचा नमुना कर आणि तो आजीच्या हाती दे. तिची बोटे आखडली आहेत; तिला तळहाताने भोवरा ढकलता आला पाहिजे, अशी त्याची उंची व रुंदी ठरव. 2018 साली मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी जो एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, त्यास बाहेरील कळी जोडण्यासाठी 3.5 मिलिमीटरची 19 छिद्रे आहेत. तुझ्या कंट्रोलरास निदान एक असावे.

शेवटी कारागिराविषयी. त्याच्याकडे कागदावरील मापे घेऊन जा, पण लाकडाची जाडी त्याला ठरवू दे; मजुरीत घासाघीस करू नकोस, आणि खेळ प्रदर्शनात मांडशील तेव्हा तुझ्या नावाच्या चिठ्ठीवर त्याचेही नाव त्याला विचारून लिही.

तुझा,
मामा