रोजच्या गाडीला किती हॉर्सपॉवर? आकडा गिऱ्हाईकाच्या तोंडून नाही, त्याच्या रस्त्यावरून काढा



टायर-ॲलॉय, परफॉर्मन्स पार्ट्स किंवा ट्यूनिंगचं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओमध्ये आकडेमोड पटापट झाली, म्हणून इथे ती सावकाश लिहितो. कागद-पेन घेऊन बसा.

या धंद्यात काउंटरवर येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, किती एचपी काढून द्याल?" नवीन दुकानदार इथेच घसरतो. शेजारचा ३०० म्हणतो, म्हणून हा ३५० म्हणतो. गिऱ्हाईक खूश, ॲडव्हान्स हातात. आणि दोन महिन्यांनी तीच गाडी टो होऊन आपल्याच दारात. म्हणून आकडा सांगायच्या आधी तो काढायला शिका.

उदाहरणाची गाडी

आपण स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घेऊ. २०१७ मध्ये भारतात आलेली ही गाडी रोज ऑफिसलाही जाते आणि मालकाच्या डोक्यात मात्र स्पोर्ट्‌स कारच असते. कागदावर: २ लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, वजन साधारण १,४५० किलो. (कंपनी आकडा पीएसमध्ये देते. एचपी आणि पीएसमध्ये दीडेक टक्क्याचाच फरक असतो, आज आपण दोन्ही एकच धरू.)

मालक समजा पिंपळे सौदागरला राहतो, रोज हिंजवडीला जातो आणि महिन्यातून दोनदा एक्सप्रेसवेने मुंबईला. त्याला ३५० हॉर्सपॉवर हवेत. द्यायचे का?

पायरी १: तो आत्ता किती वापरतो?

एक सूत्र पाठ करा. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७,०२४ ने भागा. उत्तर हॉर्सपॉवरमध्ये येतं.

या गाडीत पूर्ण ३५० टॉर्क खाली १,५०० आरपीएमपासूनच मिळतो. म्हणजे २,००० आरपीएमला १०० हॉर्सपॉवर, ३,००० ला १५०. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काटा ३,००० च्या वर किती वेळा जातो? मालकाने विकत घेतलेले २३० तर ४,७०० च्या पुढे सुरू होतात. सपाट रस्त्यावर १०० च्या एकसारख्या स्पीडला अशी गाडी ढकलायला हवा आणि टायरचा विरोध धरून अंदाजे १८ ते २० हॉर्सपॉवर पुरतात. बाकीचे फक्त स्पीड वाढवताना, म्हणजे ओव्हरटेक करताना कामाला येतात.

आता ३५० हॉर्सपॉवरसाठी मोठा टर्बो लागतो. मोठा टर्बो फिरायला वेळ घेतो. वरचा आकडा वाढतो, पण २,००० आरपीएमला आधी जेवढा जोर होता तेवढा मिळेलच असं नाही. म्हणजे मालक पैसे भरून रोजच्या रस्त्यावर आधीपेक्षा सुस्त गाडी घेऊन जाईल आणि म्हणेल, "दादा, मजा नाही आली." डायनोचा कागद त्याचं समाधान करणार नाही.

पायरी २: रस्ता किती घेतो?

इंजिन कितीही देऊ दे, शेवटी ते चार तळव्यांएवढ्या रबरातून रस्त्यावर उतरतं. या गाडीत तर दोनच तळव्यांतून, कारण ड्राइव्ह पुढच्या चाकांना आहे.

ढोबळ हिशोब करू. ड्रायव्हरसकट गाडी जोरात पळवताना पुढच्या चाकांवर साधारण ८५० किलो भार राहतो, कारण उचल घेताना वजन मागे सरकतं. चांगले टायर आणि कोरडं डांबर असेल तर त्यांची पकड सुमारे ७,५०० न्यूटन. या पकडीला स्पीडने गुणलं की चाकांना किती पॉवर वापरता येते ते कळतं:

५० च्या स्पीडला सुमारे १४० हॉर्सपॉवर.
१०० च्या स्पीडला सुमारे २८०.
जुलैच्या पावसात, ५० ला, जेमतेम ८०-९०.

हे चाकांवरचे आकडे आहेत. इंजिनचे २३० गिअरबॉक्स आणि शाफ्टमधून चाकांपर्यंत येताना १५ टक्के गळतात असं धरलं, तर १९५ च्या आसपास उरतात. म्हणजे स्टॉक गाडीसुद्धा ७० च्या स्पीडपर्यंत रस्ता घेईल त्यापेक्षा जास्त देऊ शकते. इंजिनला २८० केले तर पूर्ण वापरायला ८५ चा स्पीड लागेल. ३५० केले तर १०५.

एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी. म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचा पूर्ण उपयोग जिथे सुरू होतो, तिथे कायद्याचा स्पीड संपलेला असतो. त्याखाली ती जादा पॉवर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकवायला आणि टायर घासायला खर्च होते.

हा कागद गिऱ्हाईकासमोर ठेवा. तुम्ही "नको" म्हणालात तर त्याला वाटतं याला जमत नाही. आकडेमोड दाखवलीत तर तो स्वतःच गप्प बसून विचार करतो.

पायरी ३: साखळीतली कच्ची कडी कोणती?

पॉवर हा शेवटचा आकडा, गिअरबॉक्स मोडतो तो टॉर्कने. या गाडीतला सहा गिअरचा डीएसजी कंपनीने साधारण ३५० न्यूटन मीटरच्या हिशोबानेच बनवलाय, आणि इंजिन आधीच तेवढं देतं. नेहमीचा स्टेज वन रिमॅप टॉर्क ४०० च्या पुढे नेतो. गाडी पहिल्या दिवशी सुसाट वाटते. पण सिग्नलला रांगत चालताना क्लच रोज थोडा थोडा सरकतो आणि तापतो.

इथे आपलं सूत्र परत काढा. टॉर्क ३५० च ठेवला, फक्त तो ४,६०० ऐवजी ५,६०० आरपीएमपर्यंत टिकवला, तर किती? ३५० गुणिले ५,६०० भागिले ७,०२४. उत्तर २७९! म्हणजे गिअरबॉक्सवर टॉर्कचा जादा भार न टाकता कागदावर ५० हॉर्सपॉवर वाढू शकतात. इंजिन, गॅस आणि इंटरकूलरची उष्णता मात्र वाढतेच, ती तपासावी लागते. चांगला ट्यूनर कमालीच्या आकड्यापेक्षा हा असा सौम्य मॅप लिहायला जास्त वेळ घेतो. त्याचे पैसे घ्यायला लाजू नका.

बाकीच्या कड्या पटकन:

ब्रेक: १०० वरून थांबण्यापेक्षा १२० वरून थांबताना ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. पॉवर वाढवून पॅड जुनेच ठेवणं म्हणजे उतारावर बैलगाडी सोडण्यासारखं आहे.

पेट्रोल: मॅप १०० ऑक्टेनवर लिहिला आणि गणपतीला मालक कोकणात गेला, तर वाटेतल्या पंपावर ते मिळेल का? रोजच्या रस्त्यावर, सगळ्यात वाईट दिवशी जे पेट्रोल मिळतं, मॅप त्यावरच लिहायचा.

उष्णता: डायनोवर बोनेट उघडं आणि समोर मोठा पंखा असतो. मे महिन्यात चांदणी चौकात तसं काही नसतं.

पायरी ४: कागद आणि कायदा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातात क्लेम अडकू शकतो. अशा वेळी गिऱ्हाईकाच्या घरचे आधी तुमच्याकडेच येणार.

म्हणून दुकान टाकण्याआधी आपल्या रेटकार्डवरची प्रत्येक ओळ वकिलाला आणि आरटीओच्या माहितगाराला दाखवा. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचं काम घ्यायचंच नाही. ज्याला खरंच मोठा आकडा हवाय त्याची गाडी रस्त्यासाठी नाही, फक्त रेसट्रॅकसाठी असायला हवी. ते गिऱ्हाईक वेगळं, गाडी वेगळी आणि एस्टिमेटही वेगळं.

पायरी ५: एस्टिमेट उलटं लिहा

बहुतेक दुकानं एस्टिमेटमध्ये पहिली ओळ पॉवरची लिहितात. आपण ती शेवटी लिहायची. समजा मालकाचं बजेट २ लाख आहे. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घाला.)

१. तब्येत: प्लग, कॉइल, इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, टर्बोच्या पाइपांची गळती तपासणे: ४०,०००
२. चार चांगले टायर आणि अलाइनमेंट: ६०,०००
३. ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड: २५,०००
४. राखीव, बोनेट उघडल्यावर जे निघेल त्यासाठी: २०,०००
५. पॉवर: उरलेले ५५,०००, तेही कायद्याच्या चौकटीत बसत असेल तर.

आता गंमत बघा. जुन्या व्हीआरएसमध्ये प्लग-कॉइल थकलेले असतात, कुठेतरी बूस्ट गळत असतो. कागदावर २३० असलेली गाडी प्रत्यक्षात तेवढे देतच नसते. काम सुरू करण्याआधी डायनोवर एक रीडिंग घ्या आणि पहिल्या तीन ओळी झाल्या की त्याच डायनोवर दुसरं घ्या. वेगवेगळ्या डायनोंच्या आकड्यांची तुलना करू नका, आणि चाकावरचा आकडा इंजिनच्या आकड्याशी जोडू नका. बरीच गिऱ्हाइकं इथेच, कंपनीचे २३० परत मिळाल्यावर, "बास दादा, आता मस्त आहे" म्हणतात. एक रुपयाही रिमॅपवर न घालवता.

तुम्हाला वाटेल, मग आपली कमाई गेली! नाही. तुमची १,२५,००० ची बिलं झाली, सगळी कायदेशीर, सगळी परत परत लागणारी. टायर पुन्हा झिजतील, पॅड पुन्हा लागतील, ऑइल दरवर्षी बदलेल. रिमॅप एकदाच विकला जातो.

कमबॅकचा हिशोब

धंदा शिकताना हा हिशोब फारसा कुणी शिकवत नाही. समजा मोठ्या पॉवरच्या एका कामात तुम्हाला १५,००० सुटले. दोन महिन्यांनी क्लच गेला, गाडी परत आली. पार्टची वाट बघत ती आठ दिवस तुमच्या बेमध्ये उभी. तो बे एरवी दिवसाला ३,००० कमावत असेल, तर २४,००० गेले. पार्टचे पैसे कोणी द्यायचे हे भांडण वेगळंच. म्हणजे एक कमबॅक दीडपेक्षा जास्त चांगल्या कामांचा नफा खातो. पगार मात्र तुम्हाला १ तारखेला द्यायचाच असतो.

मग या मालकाला काय सांगायचं?

सरळ सांगा: "दादा, तुमच्या रस्त्याला आणि या गिअरबॉक्सला २८० च्या वर अर्थ नाही. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही २३० वरच सगळ्यात निवांत आहात. आधी २३० पूर्ण परत आणू, टायर-ब्रेक नीट करू. महिनाभर चालवा. मग ठरवू."

हेच वाक्य जॉबकार्डवर लिहा आणि सही घ्या. तरीही ३५० च हवेत म्हणाला, तर चहा पाजून हात जोडा. ते काम शेजारी गेलं तर जाऊ द्या. तो क्लच शेजारच्याच्या बेमध्ये उभा राहील.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या ओळखीची कोणतीही एक गाडी घ्या. मॅन्युअलमधून टॉर्क आणि आरपीएम काढा. २,००० आणि ३,००० आरपीएमला किती हॉर्सपॉवर येतात ते सूत्राने काढा. मग मालकाला पाचच प्रश्न विचारा: रोज कुठून कुठे? कोणत्या पंपावर? टायर कधी बदलले? घरात गाडी अजून कोण चालवतं? आणि महिन्याला गाडीवर किती खर्च झेपतो? उत्तरं समोर ठेवून उलटं एस्टिमेट लिहा, पॉवरची ओळ शेवटी.

तुमचा धंदा गाड्यांचा नसेल तरी गृहपाठ कराच. केटरिंगवाल्याला ५०० ताटांची ऑर्डर येते, फर्निचरवाल्याला दहा बाय दहाच्या खोलीत किंग साइज बेड हवा असतो. मोठा आकडा मागायला गिऱ्हाइकाला काही लागत नाही. तो पेलणारी जागा, माणसं आणि सामान आहे का, हे बघायचं काम आपलं.

पुढच्या धड्यात भेटू. तोवर बिल पक्कं द्या, उधारी कमी ठेवा!