घोडी व्याली की घड्याळ बघा



गाय, म्हैस, शेळी यांच्या बाळंतपणाची माहिती आपल्याला बऱ्यापैकी असते. घोडीची मात्र नसते. आणि तरीही आपल्यात वरातीसाठी घोडी पाळणारी घरं आहेत, टांगा चालवणारी आहेत, घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगर भगिनी आहेत. हा पाठ त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या शेजारी घोडी आहे त्यांच्यासाठीसुद्धा.

आमची तांबडी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली. अर्धे पैसे घरचे, अर्धे गटाच्या कर्जाचे. तिच्या आधीची घोडी आम्ही बाळंतपणातच गमावली होती. तिची वार पडली नव्हती. गाईची पडते तशी पडेल संध्याकाळपर्यंत, म्हणून आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी ताप चढला. मग पाय इतके दुखू लागले की तिला पाऊल टाकवेना. चौथ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, "ताई, घोडी म्हणजे गाय नव्हे. तुम्ही सकाळीच बोलवायला हवं होतं."

त्या दिवशी त्यांनी सांगितलेला हिशोब मी वहीत लिहून ठेवला: १ तासात शिंगरू उभं, २ तासांत अंगावर प्यायलेलं, ३ तासांत वार पडलेली. यंदा तांबडी व्याली, तेव्हा याच हिशोबानं आमचा दिवस गेला.

आदली रात्र. घोडीचे दिवस साधारण ११ महिन्यांचे. तिचे भरत आले होते. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब दिसले, तेव्हाच समजलं की वेळ जवळ आली. जागा झाडून कोरडं गवत अंथरलं. घोडी बहुधा रात्रीच विते, आणि माणसांची गर्दी असली की वेणा थोपवून धरते. म्हणून मी लांबूनच लक्ष ठेवलं. घरचे दुसरा घोडा घेऊन लग्नाच्या वरातीला गेलेले. घरी मी आणि सासूबाई.

पहाटे ४ वाजून १० मिनिटं. पाणमोट फुटल्यापासून वीसेक मिनिटांत शिंगरू बाहेर आलं. अर्ध्या तासात आलं नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा. आणखी एक गोष्ट: आधी पांढरट पिशवी दिसायला हवी. लाल, मखमलीसारखी पिशवी दिसली तर शिंगराचा श्वास कोंडतो आहे असं समजा. ती तिथंच फाडायची, शिंगरू ओढून घ्यायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

नाळ मी कापली नाही. घोडी उठली तशी ती आपोआप तुटली. डॉक्टरांनी दिलेल्या आयोडीनच्या द्रावणात नाळेचं टोक बुडवलं. पायांच्या तळाला मऊ, बोटांसारखं आवरण होतं. ते बघून घाबरायचं नाही आणि कापायचंही नाही. चालायला लागलं की ते झिजून जातं.

५ वाजता चार-पाच वेळा पडून शिंगरू उभं राहिलं. पन्नास मिनिटं झाली होती. पहिली खूण जमली.

आता ते कासेकडं तोंड न्यायला लागलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "थांब गं, वार पडल्याशिवाय पाजायचं नसतं. पोटात गेली तर?"

त्यांच्या सासूनं त्यांना असंच सांगितलेलं. मी म्हटलं, "आत्याबाई, मागच्या वेळी आपण थांबलोच होतो ना?" त्या गप्प झाल्या. मग स्वतःच पुढं होऊन त्यांनी तांबडीची मान धरली.

हे नीट समजून घ्या. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसते. ती आईच्या चिकातून मिळते. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेला तर सर्वांत चांगलं. चोवीस तासांनंतर आतडी ती ताकद घेत नाहीत, मग कितीही पाजा. शिवाय शिंगरू चोखतं त्यानं घोडीची पिशवी आकसते आणि वार सुटायला मदतच होते.

पावणेसहाला ते नीट प्यायलं. नुसतं तोंड लावलं म्हणजे प्यायलं असं नाही. कास घट्ट भरलेली, दूध गळतंय आणि शिंगराच्या कपाळावर सांडलंय, तर ते पीत नाही असं समजायचं. अशा अशक्त शिंगराला घरी बळजबरीनं बाटलीनं पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. डॉक्टर नळीनं पाजतात. व्यायच्या आधीपासूनच घोडीचा चीक गळत असेल तर तेही त्यांना सांगा.

७ वाजून १० मिनिटं. तीन तास झाले. वार लोंबतच होती. शेजारची काकू म्हणाली, "वीट बांध, वजनानं पडेल." मी बांधली नाही. ओढलीही नाही. ओढली की तुकडा आत राहतो किंवा पिशवी बाहेर येते. घोडीचा पाय पडू नये म्हणून लोंबणाऱ्या वारेची वर गाठ मारली आणि फोन केला. घरच्यांना विचारायला थांबले नाही. डॉक्टरांची फी मी माझ्या बचतीतून दिली.

साडेआठला डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. साडेनऊला वार पडली. ती आम्ही जमिनीवर पसरली. घोडीची वार पायजम्यासारखी दिसते, दोन पाय असलेली. दोन्ही पायांची टोकं शाबूत आहेत का ते बघायचं, कारण एखादं टोक तुटून आत राहतं आणि तेवढ्यानंही घोडी जाऊ शकते. म्हणून डॉक्टर येईपर्यंत पडलेली वार झाकून ठेवा, कुत्र्याला नेऊ देऊ नका.

धनुर्वाताची लस तांबडीला महिनाभर आधी दिली होती. घोड्याला हा रोग फार लवकर होतो. शिंगराला काय द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवलं.

दुपार. बघायला आलेल्या पोरांना लांब ठेवलं. शिंगरू शेपटी वर करून कुंथत होतं. पहिली लीद काळी आणि घट्ट असते. ती दिवसभरात पडायला हवी. नाही पडली तर घरी एरंडेल पाजू नका, डॉक्टरांना सांगा. आमच्याकडं तीनच्या सुमारास पडली आणि ते पुन्हा प्यायला लागलं.

संध्याकाळी घरचे आले, तेव्हा माय-लेकरू दोघंही उभी होती. सासूबाईंनीच त्यांना सगळं सांगितलं, वेळांसकट.

भिंतीवर लिहून ठेवा
• १ तास – उभं राहिलं?
• २ तास – प्यायलं?
• ३ तास – वार पडली?
• २४ तास – काळी लीद पडली?

एकाही प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर वाट बघू नका. गावच्या पशुवैद्यकाला किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

बैठकीत बोलूया
१. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची रीत तुमच्याकडं आहे का? कोणत्या जनावरांसाठी?
२. घरी पुरुषमाणूस नसताना डॉक्टरांना बोलवायचं तुम्ही स्वतः ठरवता का?
३. जनावरासाठी कर्ज देताना आजारपणासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवायची का?