भातातून आलेले दुखणे

वाचकहो, या पाठात आपण जपानातील एका नदीकाठची हकिकत पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या ताटात रोज भात असतो. तेव्हा ही हकिकत आपल्याला परकी वाटू नये.

१. काय घडले?
तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यावर भातशेती होते. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिसे यांची खाण होती. तेथील सांडपाणी व गाळ नदीत जाई. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू थोडाफार असतोच. तो पाण्याबरोबर पाटात व पाटातून खाचरांत उतरला. पाणी वाहून गेले. कॅडमियम मातीत राहिले.

२. शरीरात काय होते?
भाताच्या मुळांवाटे कॅडमियम दाण्यात येते. पण तांदूळ पाहून वा चाखून ते कळत नाही. पोटात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते व दहा-वीस वर्षेही तेथून हलत नाही. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका बिघडल्या, की हाडांना लागणारी द्रव्ये लघवीवाटे निघून जातात. हाडे मऊ पडतात. नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडते. बहुतेक रोगी अनेक बाळंतपणे झालेल्या, उतारवयाच्या स्त्रिया होत्या. त्या ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे कण्हत. तेच रोगाचे नाव पडले.

३. सत्य कसे उजेडात आले?
डॉ. नोबोरु हागिनो हे त्याच भागातले डॉक्टर. अतिश्रम व निकस आहार हेच कारण असावे, असे आरंभी त्यांनाही वाटले. पण रोग्यांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती याच नदीचे पाणी घेणाऱ्या पट्ट्यात आढळली. त्यांनी आपले मत बदलले आणि १९६१ साली शेतीशास्त्रज्ञ योशिओका यांच्यासह कॅडमियमकडे बोट दाखवले. त्यांना टीका सोसावी लागली. १९६८ साली सरकारने हे कारण मान्य केले. त्याच वर्षी रोगी व त्यांचे नातलग मित्सुई कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले; १९७१ साली जिंकले व १९७२ साली अपिलातही जिंकले.

४. पुढे काय झाले?
गावकऱ्यांनी पैशांच्या भरपाईवर समाधान मानले नाही. तज्ज्ञांना घेऊन खाणीची पाहणी करण्याचा हक्कही त्यांनी मिळवला. खाण २००१ साली बंद झाली. परंतु आठशेहून अधिक हेक्टर शेतांवर स्वच्छ माती घालण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. खाण थांबली तरी माती आपोआप शुद्ध होत नाही, हे यावरून आपण शिकतो.

५. शेतकऱ्याने काय करावे?
दाणा भरताना खाचरात पाणी उभे ठेवले, तर कॅडमियम दाण्यात कमी जाते. परंतु मातीत आर्सेनिक असेल तर हाच उपाय उलटतो. म्हणून आधी माती व धान्य तपासून घ्यावे.

विचारासाठी प्रश्न
१. डॉ. हागिनो यांनी आपले पहिले मत कशामुळे सोडले?
२. स्त्रियांचे दुखणे ‘कामाचा शीण’ म्हणून आपल्या घरीही बाजूला सारले जाते काय?
३. आपल्या शेताच्या पाण्याच्या वरच्या अंगाला काय आहे, हे आपण कधी पाहिले आहे काय?